कशाला ‘हो’?

शशिकलाबाईंना ऐकू येणं बंद झालं तेव्हा त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. चेन्नईत नुंगंबाक्कमच्या एका मोठ्या कंपनीत स्विचबोर्डवर बसायच्या. तमिळ, इंग्रजी आणि घरची तंजावरी मराठी अशा तिन्ही भाषांत त्यांचा आवाज इतका ठसठशीत, की बाहेरगावचे लोक कामाशिवाय दोन वाक्यं जास्त बोलायचे. मग चाळिशीच्या आसपास एक वाईट ताप आला, त्यावर जबर औषधं झाली आणि ताप उतरला तेव्हा सोबत कानही गेले. डावा पूर्ण गेला. उजव्यात उरली ती नुसती घरघर.

कंपनीनं त्यांना टपाल विभागात बसवलं. तिथून त्या निवृत्त झाल्या. या सगळ्याबद्दल त्या कधी रडल्या नाहीत असं नाही. पण त्यांना खरा राग आला तो कानांचा नाही, दोन शब्दांचा. लग्नाच्या पंगतीत, बारशाला, मंडळाच्या कार्यक्रमात सगळे खो-खो हसायचे आणि त्यांनी शेजारणीला “काय झालं गे?” विचारलं, की उत्तर यायचं, “नंतर सांगते.” ते नंतर कधी यायचं नाही. आलंच तर अर्ध्या वाक्यात यायचं, त्यातलं हसू वाटेत सांडून गेलेलं असायचं.

घरी मात्र त्यांचे यजमान मानाजीराव समोर बसून, ओठ नीट हलवून बोलत. तेवढ्यावर संसार चालला. पण माणसाला संसारापलीकडेही बोलायचं असतं.

ती सोय ‘बैठक’नं केली. ‘बैठक’ म्हणजे चेन्नईतल्या तंजावरी मराठी घरांसाठी मंडळानं इंटरनेटवर सुरू केलेला चर्चेचा फोरम. तंजावूरपासून अमेरिकेपर्यंत पांगलेली माणसं तिथे यायची. कुणी जुन्या शब्दांचा अर्थ विचारायचं, कुणी दह्यातल्या पच्चडीची कृती, कुणी मुलीसाठी स्थळ. महाराष्ट्रातून नोकरीला आलेली गिंडी-अड्यारकडची पोरंही हळूहळू आत शिरली. लिहायचं आणि वाचायचं. कान लागतच नव्हते. शशिकलाबाई पहिल्याच आठवड्यात तिथे मुक्कामाला गेल्यासारख्या रमल्या.

रमल्या आणि वैतागल्या. कारण इथेही लोक पंगतीत बोलल्यासारखेच बोलत. एकानं पाच प्रश्न विचारलेले असायचे आणि खाली कुणीतरी लिहायचं, “हो.” आणखी कुणी लिहायचं, “बरोबर.” तिसरा आधीचं सगळं रामायण जसंच्या तसं पुन्हा चिकटवून त्याच्या वर एक शब्द लिहायचा, “मीपण.” शशिकलाबाई विचारायच्या, “कशाला ‘हो’? कुणाचं ‘बरोबर’? तुम्हीपण काय?” लोकांना वाटे, बाईंचा स्वभाव तिरसट आहे. पण त्यांना त्या ‘हो’मध्ये ‘नंतर सांगते’च दिसत होतं.

सांभाळणारं कुणी मिळेना, म्हणून मंडळानं त्यांनाच फोरमची देखरेख दिली आणि त्यांनी पहिलं काम केलं ते नियम लावण्याचं. ज्या वाक्याला उत्तर द्यायचं तेवढंच वाक्य वर घ्या. बाकीचं काढून टाका. आपलं उत्तर त्याच्या खाली लिहा. कुणाला म्हणताय त्याचं नाव घाला. विषय बदलला तर नवा धागा उघडा. बोलून रेकॉर्ड केलेल्या आवाजाच्या चिठ्ठ्या चालणार नाहीत. जे म्हणायचं ते लिहून म्हणा.

तरुणांनी नियम लगेच उचलले. म्हाताऱ्यांनी कुरकुर करत उचलले. राणोजीरावांनी उचललेच नाहीत.

राणोजीराव मंडळाचे अध्यक्ष. नेसायला पांढरी शुभ्र वेष्टी, खणखणीत आवाज, सभेत उभे राहिले की माईक नको. वर्षानुवर्षं माणसांनी त्यांच्याकडे बघून त्यांचं ऐकलं होतं. आपण कुणाला उत्तर देतोय हे वेगळं सांगायची त्यांच्यावर कधी वेळच आली नव्हती. शिवाय ते मानाजीरावांचे चुलतभाऊ. शशिकलाबाईंनी त्यांना तीनतीनदा सौम्य शब्दांत लिहिलं. त्यांनी त्यावरही “सरी सरी”, बरं बरं, एवढंच लिहिलं, आणि तेही भलत्याच धाग्यावर.

एवढ्यावर हे चेष्टेत राहिलं असतं. गजेंद्ररावांचं ऑपरेशन निघालं नसतं, तर.

गजेंद्रराव हे मंडळाचे जुने चिटणीस, सगळ्यांच्या लाडाचे. त्यांच्या हृदयाची मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यांची मुलगी सुष्मिता पुण्याजवळ एका मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. ऑपरेशनच्या वेळी ती येऊन राहिली, धोका टळला म्हटल्यावर कामावर परत गेली. ‘बैठक’वर “गजेंद्ररावांची तब्येत” असा धागा चालू होता. रोज कुणी ना कुणी जाऊन यायचं आणि लिहायचं.

त्याच दिवसांत मंडळाच्या आवारातलं नागलिंगमचं जुनं झाड कापायचं ठरलं होतं. वादळात ते कलंडलं होतं, बुंधा आतून पोकळ निघाला होता, आणि खाली लहान मुलं खेळत. झाड राणोजीरावांच्या वडिलांनी लावलेलं. उपेंद्र नावाच्या एका आयटीतल्या मुलानं नवा धागा उघडायचा आळस केला आणि तब्येतीच्याच धाग्यावर विचारलं, “राणोजीकाका, आवारातलं झाड आज कापणार होते ना? झालं का?”

त्याच्या खाली थोड्या वेळानं सुष्मितानं लिहिलं, “बाबांना आज वॉर्डात हलवणार होते. आईचा फोन सकाळपासून लागत नाहीये. कुणाला काही कळलं का?”

आणि तिच्या अगदी खाली राणोजीरावांचं उत्तर आलं. कुणाचं नाव नाही, कुणाचं वाक्य नाही.

“होय. आज सकाळी सगळं संपलं. शेवटपर्यंत मी तिथेच होतो. डोळ्यांसमोर गेलं सगळं. देवाची मर्जी.”

हे लिहून राणोजीराव जेवले आणि फोन बाजूला ठेवून पडले.

शशिकलाबाई घरातलं उरकून संगणकापुढे बसल्या तेव्हा त्या उत्तराखाली श्रद्धांजल्यांची रांग लागली होती. “ओम शांती.” “विश्वासच बसत नाही.” “सुष्मिता, धीर धर गे.” गजेंद्ररावांनी त्यांना कधीच ‘नंतर सांगतो’ म्हटलं नव्हतं. सभेत ते मुद्दाम शेजारी बसून कागदावर लिहून दाखवत. डोळे भरून आले. ते पुसता पुसता त्यांची नजर पुन्हा त्या पहिल्या शब्दावर गेली.

होय. कशाला होय?

त्या मागे गेल्या. उपेंद्रचा प्रश्न वाचला, सुष्मिताचा वाचला, उत्तर पुन्हा वाचलं. दोन्हींना ते सारखंच बसत होतं. राणोजीराव दवाखान्यात शेवटपर्यंत कशाला असतील? आत दोघांपेक्षा जास्त माणसांना सोडत नाहीत. पण झाडापाशी ते नक्कीच उभे राहिले असतील.

त्यांनी इतरांसाठी धागा बंद केला आणि वर ठळक लिहिलं, “राणोजीराव, तुमचं उत्तर गजेंद्ररावांबद्दल आहे की झाडाबद्दल? ताबडतोब लिहा. खात्री होईपर्यंत कुणीही श्रद्धांजली लिहू नये.” राणोजीरावांचं उत्तर येईना. गजेंद्ररावांच्या बायकोला मेसेज पाठवला. तो गेलाच नाही. मानाजीराव बँकेच्या कामाला बाहेर. दुसऱ्या कुणीही अशा वेळी दहा फोन फिरवले असते. शशिकलाबाईंना फोन फिरवता येत होता, पलीकडचं ऐकू येत नव्हतं.

त्यांनी चपला घातल्या आणि खाली जाऊन ऑटो थांबवला. ड्रायव्हर भाडं काय म्हणाला ते त्यांनी पाहिलंच नाही. “सीक्रम पोप्पा,” एवढंच म्हणाल्या, लवकर चल. अड्यारचा पूल ओलांडताना त्यांनी रामनाम घ्यायचा प्रयत्न केला, पण मनात येत होत्या त्या राणोजीरावांना द्यायच्या शिव्या.

दवाखान्यात रखवालदारानं अडवलं. तो काय म्हणतोय ते त्याच्या जाड मिशीमुळे ओठांवरून कळेना. “मला ऐकू येत नाही, आणि आत माझा माणूस जिवंत आहे की नाही ते मला बघायचंय,” असं त्यांनी तमिळमध्ये इतक्या मोठ्यानं सांगितलं, की आख्ख्या दालनानं वळून पाहिलं. रखवालदार बाजूला झाला.

वॉर्डात खिडकीजवळच्या पलंगावर गजेंद्रराव उशीला टेकून बसले होते. त्यांची बायको त्यांना कुस्करलेली इडली भरवत होती आणि ते तोंड वाकडं करत होते. शशिकलाबाईंना पाहून त्यांनी हात वर केला.

शशिकलाबाई मटकन स्टुलावर बसल्या.

“काय गे, काय झालं?” गजेंद्ररावांच्या बायकोनं त्यांचा खांदा हलवून विचारलं.

“तुझा फोन कुठे आहे?”

“बंद पडलाय. चार्जर घरी राहिला.”

शशिकलाबाईंनी काही न सांगता इडली खाणाऱ्या गजेंद्ररावांचा फोटो काढला आणि ‘बैठक’वर टाकला. खाली लिहिलं, “सुष्मिताच्या ‘कुणाला काही कळलं का’ या प्रश्नाला उत्तर: मी शशिकला आत्ता तुझ्या बाबांसमोर बसले आहे. ते वॉर्डात आहेत, शुद्धीवर आहेत, इडली आवडली नाही म्हणतायत. राणोजीरावांची बातमी झाडाची होती.” तेच सुष्मिताला मेसेजमध्ये पाठवलं. लगेच त्यांचा फोन थरथरला. त्यांनी तो उचलून तिच्या आईच्या कानाला लावला आणि आईचा चेहरा बघत राहिल्या. आधी हसरा, मग गोंधळलेला, मग पांढराफटक.

सुष्मिता तेव्हा पुण्याच्या विमानतळावर एका खांबाला टेकून जमिनीवर बसली होती.

घरी येऊन शशिकलाबाईंनी राणोजीरावांचं ते उत्तर झाकून टाकलं. त्या जागी चौकटीत लिहिलं: “हे उत्तर कोणत्या प्रश्नाचं आहे ते लिहिलेलं नाही. लेखकानं ते लिहिल्यावर पुन्हा दिसेल.”

संध्याकाळपर्यंत गहजब झाला. राणोजीरावांनी झाडाची बातमी दिली होती, त्यांच्या वडिलांनी लावलेल्या झाडाची. त्यांचं दुःखही खरंच होतं. चूक वाचणाऱ्यांची, घाई वाचणाऱ्यांची, आणि शिक्षा मात्र त्यांना! तीही एका बाईनं, घरातल्या धाकट्या सुनेनं, साऱ्या जगासमोर. त्यांनी रविवारी सभा बोलावली. विषय: फोरम बंद करून त्याऐवजी फोनवर गट काढावा, तिथे सगळ्यांना आवाजाच्या चिठ्ठ्या पाठवता येतील.

मानाजीराव समोर येऊन बसले. “शशी, सोड गे. तो मोठा आहे. दोन शब्द माफीचे लिही, मिटेल सगळं.”

“कशाबद्दल माफी?”

“असंच. मान म्हणून.”

“असंच लिहिलेलं मला समजत नाही,” शशिकलाबाई म्हणाल्या. “त्यांना विचारा, माझ्या कुठल्या वाक्यानं अपमान झाला. ते वाक्य वर घ्या म्हणावं, मी खाली उत्तर देते.”

“सगळे त्या गटावर गेले तर तू एकटी पडशील.”

“एकटी तर मी पंगतीतही असते.”

मानाजीरावांनी उठून कॉफी टाकली. दोन पेले.

रविवारी मंडळाचा हॉल भरला होता. आवारात झाडाच्या जागी ओल्या भुशाचा ढीग होता. राणोजीराव व्यासपीठावर उभे राहिले आणि बोलू लागले. बोलता बोलता या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरू लागले. लोक माना डोलवत होते. कुणी हसलं. शशिकलाबाई पहिल्या रांगेत बसून त्यांचे ओठ पकडायला बघत होत्या, पण दर दुसऱ्या वाक्याला राणोजीरावांची पाठ समोर यायची.

त्या उभ्या राहिल्या. “राणोजीराव, मला तुमची पाठ ऐकू येत नाही.”

हॉलमध्ये शांतता पसरली असावी. त्यांना ती चेहऱ्यांवरून कळली. शेजारची बाई त्यांच्या दंडाला धरून म्हणाली, “बस गे, नंतर सांगते मी.”

“नंतर नको,” शशिकलाबाई म्हणाल्या. “गेली वीस-बावीस वर्षं मी सगळं नंतर ऐकतेय. माझ्यावर सभा आहे ना? मग मला कळेल अशी घ्या.” त्या सरळ व्यासपीठावर चढल्या. तिथे मुलांच्या मराठी वर्गाचा फळा होता. त्यावरची बाराखडी त्यांनी पुसली आणि खडू घेऊन लिहिलं: ‘मी राणोजीरावांचं उत्तर झाकलं. ते पुन्हा घडलं तर पुन्हा झाकीन.’ मग खडू राणोजीरावांपुढे धरला. “हे माझं वाक्य. याला काय म्हणायचंय ते खाली लिहा.”

“मी काय शाळकरी मुलगा आहे?” राणोजीराव म्हणाले. या वेळी ते समोर होते आणि शब्द शब्द दिसला.

“नाही. अध्यक्ष आहात. म्हणून आधी तुम्हाला देतेय.”

राणोजीरावांनी खडू घेतला नाही. “माणसं बोलतात, शशिकला. आपली माणसं बोलून जगली. तुझ्या नियमांआधी कुणाला कुणाचं कळत नव्हतं काय? मी काय लिहिलं ते इथे प्रत्येकाला माहीत होतं.”

“नव्हतं,” असं कुणीतरी म्हणालं. शशिकलाबाईंना ते ऐकू आलं नाही, पण सगळ्यांच्या माना मागे वळल्या तशी त्यांनीही पाहिलं. सुष्मिता दाराशी उभी होती. वडिलांना घरी न्यायला आलेली, तशीच प्रवासाच्या कपड्यांत. ती पुढे आली, शशिकलाबाईंच्या हातून खडू घेतला आणि त्यांच्या वाक्याखाली लिहिलं:

‘राणोजीकाका, तुमच्या उत्तरात एकच शब्द कमी होता. झाड.’

खडू मोडला. उरलेल्या तुकड्यानं तिनं आणखी एक ओळ लिहिली, ‘तो शब्द नव्हता म्हणून मी तीन तास पोरकी होते,’ आणि ती खाली उतरून निघून गेली. वडील गाडीत बसले होते.

राणोजीराव फळ्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा क्षणभर म्हातारा दिसला. पण ते वाकणारे नव्हते. “मुलीला त्रास झाला, त्याचं मला वाईट वाटतं,” ते म्हणाले, “पण मी कुणाच्या परवानगीनं बोलणार नाही.” त्यांनी अंगवस्त्र खांद्यावर टाकलं आणि चालू लागले. निम्मा हॉल त्यांच्या मागे गेला.

निम्मा उरला. उपेंद्र उरला, झाडाचा प्रश्न आपण भलत्या ठिकाणी विचारला, हे त्यानं उभं राहून कबूल केलं, आणि शशिकलाबाईंनी त्याला “आता सगळ्यांसमोर लिही” म्हटल्यावर खरोखरच लिहिलं. मानाजीराव शेवटच्या रांगेत उरले. भावाच्या मागे जायला ते उठले होते, हे शशिकलाबाईंनी पाहिलं. ते पुन्हा खाली बसले, हेही पाहिलं.

फोनवरचा गट निघाला. ‘बैठक’ ओस पडल्यासारखी झाली. पूर्वी जिथे दिवसभर वर्दळ असायची तिथे दोन-दोन दिवस कुणी फिरकायचं नाही. मानाजीराव दोन्हीकडे होते. एकदा जेवताना ते म्हणाले, “तिकडे आज मोठी मजा झाली. काय झालं ते मी तुला थोडक्यात—”

“नको,” शशिकलाबाई म्हणाल्या. “थोडक्यात मला काही नको.”

त्यांना वाईट वाटत नव्हतं असं नाही. कधी कधी रिकाम्या पानाकडे बघत बसायच्या. एकदा तर नियमांच्या पानावर जाऊन आवाजाच्या चिठ्ठ्यांची ओळ काढून टाकावी इथवर मन आलं. दाराबाहेर माणसं असतील तर दार थोडं उघडावं, काय जातं? मग वाटलं, ते दार उघडलं तर त्यातून बाहेर आपणच पडू. त्यांनी ओळ राहू दिली. उलट तिच्यापुढे आणखी एक वाक्य घातलं: “कारण या फोरमवर ऐकू न येणारी माणसं आहेत, आणि ती पाहुणी नाहीत.”

ते वाक्य वाचून कोण कुठली माणसं आली. सेलममधून एक निवृत्त शिक्षक, त्यांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. बंगळूरची एक मुलगी, तिच्या आईला नव्हतं. काही दिवसांनी दूरदेशीची मंडळी परतली. त्यांची सकाळ व्हायची तेव्हा फोनवरच्या गटात आवाजाच्या चिठ्ठ्यांचा डोंगर झालेला असायचा आणि कुठली कुणाला ते उलगडत नसे. ‘बैठक’ पूर्वीइतकी भरली नाही. पण जे लिहिलं जाई ते समजत असे.

तमिळ नववर्षाच्या सुमारास शशिकलाबाईंनी डांगर पच्चडीची, म्हणजे दह्यात कालवलेल्या उडदाच्या पिठाची, कृती लिहिली. त्यात एक वाक्य होतं: “आमच्याकडे यात कांदा घालत नाहीत.” दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बसल्या तर खाली एक उत्तर आलेलं. वर त्यांचं तेवढंच एक वाक्य, नीट कापून घेतलेलं. मागचं पुढचं काही नाही. त्याखाली:

“शशिकला, हे साफ चूक आहे. मी मानाजीच्या घरी लहानपणापासून डांगर खाल्लंय. कांदा असायचाच. तुला हे कुणी शिकवलं? — राणोजी.”

शशिकलाबाईंनी ते दोनदा वाचलं. मानाजीरावांना हाक मारली. ते चष्मा लावून वाकले, वाचून त्यांनी बायकोकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा बघून हलकेच म्हणाले, “जाऊ दे गे आता. तो आलाय. कांदा असायचा म्हण.”

“पण नसायचा,” शशिकलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी बाह्या सरसावल्या. राणोजीरावांचं शेवटचं वाक्य तेवढं त्यांनी वर घेतलं, “तुला हे कुणी शिकवलं?”, आणि खाली लिहिलं:

“राणोजीराव, माझ्या सासूबाईंनी. तुम्हाला कांदा वेगळा वाढायच्या, कारण तुम्ही त्याशिवाय जेवत नव्हता.”